दवंडीबुकातली सही

आमच्या गावच्या म्युनिसिपल कमिटीच्या कचेरीत माझं काम परवानग्यांचं होतं. कुणाला भिंत वाढवायची असो, ओटा पुढे घ्यायचा असो, की लग्नासाठी रस्त्यावर मांडव घालायचा असो, अर्ज माझ्या टेबलावर येई. मी त्यावर आवक नंबर घाली, चारी बाजूंचे शेजारी कोण ते तपासून घेई आणि तो हेडबाबूंकडे सरकवी. हेडबाबू तो दाबून ठेवत. ‘सरकारी काम अन् सहा महिने थांब’ असं लोक म्हणत, तेव्हा मला त्यांच्या आशावादाचं नवल वाटे. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. हुकूम नागपूरहून निघे, बुलढाण्याला डेप्युटी कमिशनरसाहेबांच्या कचेरीत मुक्काम करी, आणि आमच्याकडे येईपर्यंत शिळा होई. या सगळ्याचा मला नोकरीच्या चौथ्याच वर्षी कंटाळा आला. पुढची नोकरी मी तो कंटाळा उशाला घेऊनच केली.

गाव कापसाचं. दिवाळी सरली की कापसातली सरकी काढायचं जिन सुरू होई आणि फाल्गुनापर्यंत हवेत रुईचे तंतू तरंगत. डाळीत, दुधात, शाईच्या दौतीत, कुठेही सापडत. असल्या गावात एक ठिणगी पुरते. खामगावला आगीचा बंब होता, आणि तिथल्या बाजारात जाऊन आलेला प्रत्येक शेठ आठ दिवस त्या बंबाचंच कौतुक सांगे. आपल्याकडेही बंब हवा असं सभेत एकमताने ठरलं. एकमत तिथवरच टिकलं. एकट्या आमच्या कमिटीला तो झेपणारा नव्हता. म्हणून आसपासची जिन असलेली दोन गावं, आमचं गाव आणि डिस्ट्रिक्ट कौन्सिल अशा चौघांनी मिळून तो घ्यावा असं ठरलं, आणि कुणी किती हिस्सा द्यायचा यावर पत्रं सुरू झाली. आमच्या गावात माणसं जास्त होती, त्यांच्याकडे रुईच्या गाठी जास्त. म्हणून आम्ही म्हणत होतो हिस्सा गाठींवर पाडा, आणि ते म्हणत होते डोक्यांवर पाडा. दोन वर्षं ती पत्रं मीच लिहिली. बारभाईंची शेती, काय लागेल हाती, ही म्हण ज्याने काढली तो माणूस नक्की एखाद्या कचेरीत कारकून असणार.

शेवटी चौघांनी सारखा हिस्सा उचलायचं कबूल केलं. मात्र डिस्ट्रिक्ट कौन्सिलने एक अट घातली. बंब घ्यायचा तर आधी आगीची कारणं कमी करा. जिनच्या कुंपणापासून तीनशे हातांच्या आत उघड्या विस्तवाचा धंदा परवानगीशिवाय चालणार नाही, असा नियम कमिटीने करावा. तो मंजूर झाला की आमचा हिस्सा मिळेल. नियम वाईट नव्हता. हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो. कापसाच्या शेजारी विस्तव नको, हे कळायला कौन्सिलची गरज नव्हती.

तीनशे हातांच्या आत दोनच विस्तव येत होते. एक लोहाराची भट्टी आणि दुसरा एका कुंभारणीचा आवा. मडकी भाजायची भट्टी ती आवा. नवरा वारल्यावर तिने मुलाला आणि सुनेला हाताशी धरून तो चालू ठेवला होता. गावाच्या त्या टोकाला तिचं एकटीचंच घर. जिन तिथे नंतर आलं, आवा तिच्या सासऱ्याच्या वेळचा. शिवाय तो पेटे तो नवरात्राच्या आधी आणि मग चैत्रात, आखजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या घागरींसाठी. दोन्ही वेळा जिन बंद असे. त्यामुळे नियम झाला तरी तिला काही अडायचं कारण नव्हतं. महिन्याच्या आत हरकतीचा अर्ज दिला असता, तर ‘जिन बंद असताना आवा पेटवावा’ एवढी अट घालून कमिटीने परवाना दिला असता. लोहाराने दिला अर्ज. त्याला मागच्या बाजूने पत्रे ठोकायला सांगितले आणि परवाना मिळाला. तो मीच लिहिला.

पण अर्ज द्यायला आधी नियम कळायला हवा, आणि तो कळवायची आमची रीत दवंडीची होती. दवंडीवाला डफडं घेऊन गल्लोगल्ली जाई. बरोबर कचेरीतला एक कारकून असावा, त्याने दवंडी झालेली डोळ्यांनी पाहावी, आणि दवंडीबुकात तारीख, गल्ली, दवंडीवाल्याचा अंगठा यांच्यापुढे ‘समक्ष’ म्हणून सही करावी, असा कायदा. दवंडीसोबत उन्हातान्हातून कोण हिंडणार? मी कधी गेलो नाही, माझ्याआधीचा कारकूनही गेला नव्हता. दवंडीवाला सांजेला येऊन अंगठे उठवी, आणि मी शनिवारी बसून आठवड्याच्या सगळ्या सह्या एका दमात ओढी. यात काही खोटं आहे असं आमच्यापैकी कुणालाही वाटत नसे. दवंडी तर झालेली असायचीच.

माझे वडील कापूसबाजारात मापारी होते. काट्याचा दांडा पूर्ण स्थिर झाल्याशिवाय ते वजन पुकारत नसत. गाडीवाले खोळंबत, व्यापारी शिव्या घालत, हे आपले दांड्याकडे बघत उभे. ‘हलतो आहे अजून,’ एवढंच म्हणत. मला त्यांचा हा सोस लहानपणी फार जाच वाटे.

ते गेले मार्गशीर्षातल्या वद्य नवमीला, सकाळी, दात घासता घासता. हातातली बाभळीची काडी तशीच राहिली. आठ वाजेपर्यंत अंगण भरलं. तिरडी बांधायला घेतली आणि कुणीतरी कुंभारणीकडे सांगावा धाडला. ती स्वतः आली. एक मडकं विस्तवासाठी, एक पाण्यासाठी. डोक्यावरची पाटी खाली ठेवून तिने दोन्ही मडकी बोटाच्या पेराने वाजवून पाहिली, आणि खणखणीत आवाज आल्यावरच माझ्या चुलत्याच्या हाती दिली. मग दारातच लिंबाखाली बसून राहिली. वडिलांना ती दादा म्हणायची. आम्ही नदीवरून परत आलो तेव्हा दुपार कलली होती, आणि ती अजून तिथेच माझ्या आईजवळ बसलेली होती. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

तेरावं झाल्यावर मी कामावर रुजू झालो. हेडबाबूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, दोन शब्द बोलले आणि दवंडीबुक पुढे सरकवलं. “तुमच्या सह्या राह्यल्या,” म्हणाले. “फाईल बुलढाण्याले पाठवाची हाये, कौन्सिलचा माणूस दोनदा येऊन गेला.” सात-आठ सह्या होत्या. मी लेखणी बुडवली आणि एकेक ओढत गेलो. मधेच एका ओळीशी आलो. कुंभाराचं टोक, विषय आगीच्या धंद्याचा नियम, आणि तारीख. इंग्रजी तारीख होती, डिसेंबरातली. ती कोणती तारीख ते मला ठाऊक होतं, कारण त्याच सकाळी रजेचा अर्ज लिहिताना मी वडिलांच्या मृत्यूची तारीख त्यात घातली होती. त्या दिवशी मी वडिलांना खांद्यावर घेऊन नदीवर गेलो होतो. मी ‘समक्ष’ समोर सही केली. हात थांबला नाही. इतक्या वर्षांत तो कधी थांबलेलाच नव्हता, तर त्याच दिवशी काऊन थांबावा?

महिना संपला. कुंभारणीची हरकत आली नाही. नियम मंजूर झाला, वर गेला, शिक्का घेऊन खाली आला. फाल्गुनात मी कुंभारणीच्या नावची नोटीस लिहिली. विनापरवाना आवा पेटवू नये. तीस दिवसांत जागा खाली करून नाल्यापलीकडच्या बरड माळावर जावं. त्या माळावर माती नाही, पाणी नाही, सरपणाला कापसाच्या पळाट्या न्यायला गाडीवाट नाही. तिथे कुंभार बसवणं म्हणजे मासा झाडावर बसवणं. हे नोटीस लिहिताना माझ्या मनात आलं आणि तरी अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं.

दुसऱ्या दिवशी ती नोटीस पदरात धरून कचेरीत आली. “बाबू, हे काय हाये?” तिने विचारलं. मी वाचून दाखवलं. तिचा विश्वास बसेना. “अन् मले कोनी सांगतलं काऊन नाही?”

“दवंडी झाली होती, मावशी.”

“कवा?”

मी बुक काढलं, तारीख वाचली. तिला इंग्रजी तारीख कळणार नाही हे मला माहीत होतं, आणि तरीही मी तीच वाचली. तिने बोटांवर हिशेब केला नाही, वाद घातला नाही. “घर सुनं एकच दिवस होतं, मार्गेसरात. तवाच झाली असन,” एवढंच म्हणाली. मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, सभेपुढे अर्ज दे. अर्ज मीच लिहून दिला. त्यात सगळं लिहिलं. ती त्या दिवशी कुठे होती तेवढं मात्र नाही.

सभा भरली. अध्यक्ष आमचे वकीलसाहेब होते. मनाने भला माणूस, गरिबांचे खटले फुकट लढायचा. मी कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला बसलो होतो. कुंभारीण दारापाशी उभी राहिली. वकीलसाहेबांनी तिला आत बोलावलं.

“बाई, दवंडी तुमच्या कानावर आली नाही?”

“नाही जी. घरी कोनीच नोयतं. पोरगा डोणगावच्या बाजारी गेलता, सून मातीले नाल्यावर.”

“आणि तुम्ही?”

“मी मैतीले गेलती. मडके द्याले.”

“कोणाच्या?”

तिने माझ्याकडे पाहिलं. मी लेखणी दौतीत बुडवली. ती आधीच ओली होती. सभेत बसलेल्यांपैकी निम्मे जण त्या दिवशी माझ्या वडिलांच्या तिरडीमागे चालले होते. वकीलसाहेब स्वतः नदीपर्यंत आले होते. पण माणसाचं मरण आपण तिथीने लक्षात ठेवतो आणि कचेरी चालते तारखेने. वद्य नवमी, मापाऱ्यांची तिथी, असं जोडून कुणी म्हटलं असतं तर प्रत्येकाला आठवलं असतं. बुकातल्या त्या इंग्रजी आकड्याने कुणालाच काही आठवलं नाही. दोन्ही एकच दिवस आहेत, हे त्या खोलीत तिच्याखेरीज एकट्या मला ठाऊक होतं.

“आता मेल्या माणसाचं नाव कायले काढू जी,” ती म्हणाली. “मार्गेसरातली नवमी होती, अंधाऱ्या पाखातली. ज्याले मालूम हाये त्याले मालूम हाये.”

“इथं तिथीचा काय संबंध?” कुणी तिथी आठवायच्या आत हेडबाबूंनी तिला तोडलं आणि बुक वकीलसाहेबांच्या पुढे धरलं. त्यांनी चष्मा वर केला.

“समक्ष सही कुणाची ही?”

“माझी,” मी म्हणालो.

“त्या दिवशी कुंभाराच्या टोकाला दवंडी झाली?”

“बुकात तशी नोंद आहे, साहेब.”

हे माझं उत्तर. आयुष्यात मी पुष्कळ वाक्यं लिहिली, त्यात इतकं बिनचूक दुसरं नाही. खोटं त्यात एक अक्षर नव्हतं. ती अजून माझ्याकडेच बघत होती. तिने मला वाट करून दिली होती. माझं नाव न घेता तिने सगळं माझ्या जिभेवर आणून ठेवलं होतं, आणि मी ते गिळलं. का, तर नोकरीला भिऊन. त्या एका सहीवरून बाकीच्या सगळ्या सह्या उकरल्या गेल्या असत्या. त्यात हेडबाबूही अडकले असते, म्हणूनच सह्यांच्या बाबतीत तेही गप्प होते. तेरी भी चूप, मेरी भी चूप. अर्ज मुदतीबाहेरचा म्हणून फेटाळला गेला. ठराव मीच लिहून घेतला.

चैत्रात कमिटीची माणसं जाऊन आव्याच्या भिंती पाडून आली. मी त्या दिवशी मुद्दाम कामात डोकं घालून बसलो होतो. आखजीच्या घागरी तिने तोवर थापून, गेरू लावून, छपरीत रचून ठेवल्या होत्या. फक्त भाजायच्या राहिल्या होत्या.

आमच्याकडे आखजीला घरातल्या गेलेल्या माणसांसाठी नवी घागर भरतात. गळ्याला सूत गुंडाळायचं, वर खरबूज ठेवायचं, पुढे रस-पोळीचं पान. वैशाखाच्या उन्हात त्यांना ते पाणी मिळतं असं मानतात. वडील गेल्यानंतरची ही पहिली आखजी. आई चार दिवसांपासून घागर आणायला सांगत होती आणि मी आज-उद्या करत होतो. गावात आवा नाही म्हटल्यावर खामगावाकडून दोन गाड्या घागरी आल्या. निम्म्या वाटेत फुटल्या, उरल्या त्या सणाच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत संपल्या. ज्यांनी ठरावाला हात वर केले होते त्या सभासदांच्या घरून माणसं घागरीसाठी धावत होती. ते पाहून मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

सणाच्या सकाळी आई म्हणाली, “बाजारात नाही तं नाही. जाय, कुंभारणीकडून घेऊन ये. तिनं एखादी तरी ठेवली असन आपल्यासाठी.” आईला सभेतलं काही ठाऊक नव्हतं.

मी गेलो. पाडलेल्या आव्याच्या जागी राखेचा गोल तेवढा होता. ती छपरीत बसली होती. मी काही बोलायच्या आतच म्हणाली, “दादासाठी आला ना?”

मी मान हलवली.

“घे. पाह्यजे तेवढ्या घे. भाजेल एकही नाही.” तिने हाताने रास दाखवली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. मी एक घागर उचलली. उंबऱ्याशी आलो तेव्हा ती मागून म्हणाली, “मायले सांगजो, पानी भरू नको म्हना.”

घरी येईपर्यंत मी ते वाक्य मनात घोळवलं. पाणी भरू नको म्हटलं की आई विचारणार, काऊन? घागर कच्ची. कच्ची काऊन? आवा पाडला. तो काऊन पाडला? या प्रश्नांची वाट शेवटी कुठे जाते ते मला माहीत होतं. मी घागर आईच्या हातात दिली आणि काहीच बोललो नाही. वाटलं, आई वाजवून पाहील, तिला आपोआप कळेल. घागर वाजवल्याशिवाय ती कधी घेत नसे. पण मी आणलेली म्हणून तिने वाजवली नाही. डोळ्यांत मोतीबिंदू, वरून गेरूचा लाल रंग. तिला ती भाजलेलीच वाटली. तिने सूत गुंडाळलं, पाटावर थोडे गहू पसरले, त्यावर घागर ठेवली आणि कळशीने हळूहळू पाणी ओतलं. वर खरबूज ठेवून हात जोडले.

आधी गहू भिजले. मग पाटाखालून लाल पाणी सरकत आलं. आई डोळे मिटून बसली होती. घागरीचं बूड बसलं, पोट फाटलं, आणि खरबूज गडगडत पानातल्या रसात पडलं. पाटावर नुसता चिखल उरला.

मला वाटलं होतं आई माझ्यावर ओरडेल. ती ओरडली नाही. ती त्या चिखलात हात घालून बसली आणि रडायला लागली. “त्यायनं पानी घेतलं नाही,” म्हणाली. “माह्याच हातून काई चुकलं. त्यायले दम लागे, तवा दवापानी येळेवर नाही केलं मीनं. त्यायच्या मनात तेच राहून गेलं.”

बापाचं पाणी सांडलं ते सोसलं असतं एकवेळ. पण आपल्या हातून चुकलं असं समजून आई उरलेलं आयुष्य काढणार, हे मला बघवलं नाही. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. दवंडीबुक, सही, तारीख, सभा, बुकात तशी नोंद आहे. आई रडायची थांबली.

“त्या दिशी ती तं आपल्या दारात होती,” ती म्हणाली. “मायाजवळ बसेल होती लिंबाखाली.”

“हाव, माय.”

“अन् तूनं सांगतलं नाही.”

तिने तो चिखल गोळा करून तुळशीत टाकला, पाट धुतला. दुसरी घागर नव्हती. पितळेच्या तांब्यात तिने पाणी ठेवलं नाही. मी म्हणून पाहिलं, तिने मान हलवली. त्या वर्षी माझ्या वडिलांची घागर भरली नाही.

दुसऱ्या दिवशी मी कागदावर सगळं लिहून काढलं, सही केली आणि वकीलसाहेबांच्या घरी गेलो. या वेळी सही करताना काय लिहिलंय ते दोनदा वाचलं. वकीलसाहेबांनी कागद शांतपणे वाचला. “वद्य नवमी,” ते पुटपुटले. “अरे हो. मी होतो की.” चष्मा काढून डोळे चोळले. मग म्हणाले, “खरं सांगितलंस, बरं केलंस. पण आवा आता पाडला. कौन्सिलचा हिस्सा जमा झाला. हे वर पाठवलं तर तुझी नोकरी जाईल आणि ती जागा काही परत उभी राहायची नाही. काय करू सांग.”

मी पाठवा असंही म्हणालो नाही, परत द्या असंही नाही. त्यांनी कागदाची घडी केली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. ड्रॉवर बंद झाल्याचा आवाज आला तेव्हा मला हायसं वाटलं. हे लिहिताना माझी मलाच शरम वाटते, पण हायसं वाटलं होतं ते खरं.

बंब आला. खर्च वाटून घेतलेला, म्हणून तोही वाटून घेतला. तिन्ही गावांत चार-चार महिने उभा राहायचा. चिठ्ठ्या टाकल्या, आणि आमच्या वाट्याला आषाढ ते आश्विन आले. गावाने तो बंब पहिल्यांदा पाहिला तेव्हा पागोळ्या गळत होत्या. जिनला कुलूप होतं. फुलांचे हार घालून लोकांनी त्याची पूजा केली आणि तो ताडपत्रीखाली झाकून ठेवला.

कुंभारीण त्या पावसाळ्याआधीच मुलाला आणि सुनेला घेऊन डोणगावला भावाकडे गेली. गाडीवर चाक, पाट्या आणि सामान घालून निघाली तेव्हा मी कचेरीच्या खिडकीत होतो. तिने मला पाहिलं की नाही, सांगता येत नाही.

पुढच्या आखजीला आईने गावात विकायला आलेली घागर घ्यायला साफ नकार दिला. “डोणगावले जाय,” म्हणाली, “तिच्याकडूनच आन.” मी गेलो. बाजाराच्या कडेला ती रास मांडून बसली होती. केस सगळे पिकले होते. मला बघून राशीतल्या चार-पाच घागरी बाजूला सारून तिने एक उचलली आणि माझ्या कानाजवळ धरून बोटाच्या पेराने वाजवली. खणखणीत आवाज आला. मग उलटी करून बूड दाखवलं, पुन्हा वाजवली. शेजारच्या बायका उचलून नेत होत्या त्यांच्यापैकी कुणालाही ती असं दाखवत नव्हती.

“भाजेल हाये, बाबू,” ती म्हणाली. “पाहून घे.”

आई होती तोवर दरवर्षी मी डोणगावला जात राहिलो. दरवर्षी ती तशीच वाजवून दाखवी आणि तेवढंच म्हणे. मी दोन्ही हातांनी घागर धरून, फिरवून, ती बघत असेपर्यंत पाहत राही.